दुधीची आंघोळ

राजेळी केळ्यांचा घड पिकायला लागला की घराला एक वास येतो. नुसता गोड नाही. थोडा आंबूस, थोडा पेंढ्याचा, थोडा जुन्या गोणपाटाचा. दिवाळी उलटून गेलेली असते, सकाळी पायांना फरशी गार लागायला लागते, आणि एक दिवस पडवीत पाऊल टाकताच तो वास समोर येऊन उभा राहतो. काल आला. मी उंबरठ्यातच थबकले. आमचे हे मागून ओरडले, "काय झालं? अडखळलीस का?"

म्हटलं, "नाही हो. सुकेळ्यांचे दिवस आले."

"ते दिसतंच आहे," हे म्हणाले आणि एकदम गप्प झाले. बिचारे! इतके दिवस झाले, तरी माझ्यासमोर 'दिसतंय' असं तोंडून निसटलं की यांना जीभ चावल्यासारखं होतं. मला काही होत नाही. मी अजूनही 'बघते', 'बघू या', 'बघून घेईन' सगळं म्हणते. शेवटचं तर जरा जास्तच म्हणते. उभा जन्म शाळेत पोरांना दम देण्यात गेला, ती सवय डोळ्यांबरोबर थोडीच जाणार?

गिरीजला आमची वाडी आहे. केळी, नारळ, कडेला थोडी पालेभाजी. थंडीच्या दिवसांत राजेळी केळी सोलून बांबूच्या ताट्यांवर उन्हात मांडायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं करता करता केळं आटत जातं, काळसर होतं, मधासारखं चिकट होतं, आणि मग वाळक्या केळीच्या पानात त्याच्या जुड्या बांधायच्या. तेच आमचं सुकेळं. घाई केली तर आत कच्चं राहतं, विसरलात तर चामडं होतं.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. म्हणजे जिथे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याचा सदरा दिसतो, हात दिसतात, वर नुसतं धुकं. पण कडा शाबूत आहेत. त्यामुळे वाडी मला अजून भेटते, तीही कडेकडेने. ताटीकडे पाहिलं की ताटी नाहीशी होते आणि दोन्ही बाजूंनी केळीची पानं हलत आत येतात. आकाशाकडे पाहावं तर आकाश जातं आणि नारळाच्या झावळ्या येतात. दुपारच्या उन्हात मी पडवीत बसते तेव्हा सगळं हिरवं-पिवळं पाण्यात विरघळत असल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगते, कधीकधी ते इतकं सुंदर असतं की पूर्वी चष्मा लावून मी नक्की काय पाहत होते असा प्रश्न पडतो. दर वेळी नाही हं. भाजी निवडताना अळी सुटली की काही सुंदर वाटत नाही.

आज गुरुवार, आमचा दिवस. आमच्यासारखी, म्हणजे डोळ्यांनी दगा दिलेली माणसं गुरुवारी दुपारी जमतात. सुकेळ्यांच्या दिवसांत आमच्याच पडवीत, कारण केळी उलटायला हात लागतात. आज विरारहून एक नवी मुलगी आली होती, तिशीची असेल. तिची बहीण तिला रिक्षाने सोडून गेली. आमची थट्टामस्करी ऐकत तिने दोन केळी चाचपत उलटली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही सगळे हसता कसे काय?"

ताटीवर केळी उलटल्याचा तो ओलसर, चिकट आवाज तेवढा येत राहिला. मला मात्र गेल्या वर्षीची थंडी आठवली. हीच ताटी, हाच वास, आणि ताराबायच्या पायांवर पडलेला दुधी भोपळा.

हा गुरुवार सुरू केला इनासमामांनी. ते आमच्या शेजारच्या वाडीतले. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. चाळिशीत दृष्टी गेली तरी वाजवायचं सोडलं नाही. मला डॉक्टरांनी "आता नंबर वाढवून उपयोग नाही" असं सांगितलं, त्या दिवशी मी घरी आले आणि भर दुपारी पांघरूण घेऊन झोपले. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी इनासमामा काठी टेकत आले, पडवीत बसले आणि म्हणाले, "मास्तरीणबाय, चहा टाक."

मी आतूनच म्हटलं, "मला गॅस दिसत नाही."

"मना तरी कुठे दिसतो? आवाज येतो ना? चल ऊठ, नायतर मी टाकतो नि तुझी साखर संपवतो."

उठले. काय करणार? माणूस दारात बसून राहिला होता. कपात बोटाचं टोक धरून चहा किती आला ते ओळखायचं, रिकामा कप वेगळा आणि भरलेला कप वेगळा बोलतो, हे मला त्या दिवशी त्यांनी शिकवलं. बोट पोळलं. म्हणाले, "पोळलं ना? आता विसरायची नाय." सांत्वनाचा एक शब्द नाही. मला त्याचीच गरज होती बहुतेक. घरातले सगळे इतके हळू बोलायला लागले होते की घरात कुणी गेलंय असं वाटायचं.

मग मामा दर गुरुवारी यायला लागले, आणि त्यांच्यामागे आणखी दोघं. गोखिवऱ्याचे कदमसाहेब, मूळ साताऱ्याकडचे, आयुष्यभर मुंबईला नोकरी करून निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांना गाठलं. आणि जूचंद्रच्या ताराबाय. साखरेने त्यांचे डोळे नेले. गावातली कितीतरी बाळं त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली.

तर गेल्या वर्षी सुकेळी घातली तेव्हा माझी लेक प्राची पोटुशी होती. पहिलंच बाळंतपण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? मी जुन्या साड्यांची दुपटी शिवायला घेतली होती, तिचं लग्न झालं तेव्हापासून, डोळे बरे असताना. पण एका रविवारी प्राची आली, जेवली, आणि ताटावरून न उठताच म्हणाली, "आई, मी विचार करत होते, विरारलाच राहावं. एक बाई मिळाली आहे मालिश-आंघोळीला. तुला कशाला त्रास?"

त्रास! मी म्हटलं, "बरं." एवढंच. आवाजात काही येऊ दिलं नाही. मग ती गेल्यावर परसात जाऊन हौदाच्या कडेला बसले आणि इतकी रडले की घसा दुखला. लेकीचं बाळंतपण करायचं नाही तर आई कशाला म्हणायचं मला? मला बाळाचं तोंड दिसणार नाही हे मी गिळलं होतं. पण माझ्याच नातवंडाला माझ्या हाताची भीती वाटावी? म्हणजे त्याच्या आईला वाटावी? ते काही केल्या घशाखाली उतरेना.

गुरुवारी सांगितलं. कदमसाहेब म्हणाले, "अहो बाई, लेकीचं बरोबर आहे. बाळ म्हणजे काय केळं आहे का?"

"तुमी गप बसा ओ," ताराबाय म्हणाल्या. "मास्तरीन, तुज्या लेकीला तू न्हाऊ घातलंस ना?"

"घातलं. पण तेव्हा डोळे होते."

"डोळ्यात साबन जाईल म्हनून डोळे कोनाचे सांभाळलेस? तिचे का तुजे?" त्या हसल्या. "घरात दुधी हाय काय?"

दुधी होता. परसातल्या वेलाचा, चांगला लांबोडका, मानेपाशी बारीक आणि खाली गोलमटोल. ताराबायनी पदर खोचला, पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि दुधी पायांवर घेतला. मग माझे दोन्ही हात धरून दुधीवर ठेवले. तेल लावलं. तेल लावलेला दुधी किती निसटता असतो ते एकदा पाहाच. "मान!" ताराबाय ओरडल्या. "मान धर आधी! मानेखाली पंजा, अंगठा कानाशी. आता पानी. कोपर घाल पान्यात, हात नको, हाताला चटक्यांची सवय हाय. कोपर खोटं बोलत नाय. आता कपाळावर हात आडवा. छप्पर कर. नि बोलत राहा त्याच्याशी, मुकी नको बसू."

मी दुधीशी बोलायला लागले. "शोनुल्या, झालं हं, आता पाठ." इनासमामांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणे आम्हालाही द्या. कदमसाहेबांच्या पायांवर दुधी दिला तर तो सटकला, घरंगळत अंगणात गेला आणि ताटीखाली जाऊन बसला. "आयला, पडलं हो बाळ!" साहेब असे काही घाबरले की खरंच उठून शोधायला लागले. पडवीत हसण्याचा असा गदारोळ झाला की आमचे हे वाडीतून धावत आले. येऊन बघतात तर काय, तीन म्हातारी माणसं तेलात माखलेली आणि साहेब अंगणात गुडघ्यांवर. हे म्हणाले, "मी काही विचारत नाही."

पुढचे कितीतरी गुरुवार आम्ही दुधीला न्हाऊ घातलं. ऊन ताट्यांवर पसरलेलं, केळी आटत चाललेली, आणि पडवीत एक भोपळा डाळीचं पीठ लावून घेतोय. माझ्या डोळ्यांच्या कडेला पितळी गंगाळ चमकायचं. पाण्याच्या वाफेचा, तेलाचा, पिकल्या केळ्याचा वास एकमेकांत मिसळायचा. कधी हात आपसूक चालायला लागायचे आणि मला वाटायचं, समोर प्राचीच आहे, तान्ही, तिच्या टाळूवर तेल जिरतंय, सासूबाई चुलीपाशी काहीतरी पुटपुटताहेत. तीस वर्षांपूर्वीची दुपार आणि ही दुपार यांत मला काही केल्या भिंत सापडायची नाही. दुधी सुकायला लागला की वेलावरून दुसरा यायचा. न्हालेल्या दुधीची भाजी करायला मात्र माझा हात झाला नाही. हे कुरकुरले. म्हटलं, तुम्ही चिरा.

प्राचीला मुलगी झाली. फोन आला तेव्हा मी ताटीपाशीच होते; हात चिकट, तसाच फोन कानाला लावला. रुग्णालयात जाताना मी ठरवलं होतं की आज काही कळू द्यायचं नाही. नीट चालायचं, नीट बघायचं, लेकीला वाटलं पाहिजे की आईचं बरं आहे. खोलीत शिरले. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. प्राची खाटेवर, शेजारी पाळण्यात पांढरं गाठोडं. मी वाकले, कौतुकाने मान डोलावली आणि ठसक्यात म्हटलं, "अगं बाई! नाक बघा, थेट जावईबापूंचं!"

प्राचीची खाट करकरली. मग खिडकीकडून जावई अगदी हळू म्हणाले, "आई, बाळ माझ्याकडे आहे."

पाळण्यात दुपट्याची घडी होती. मी शिवलेल्या दुपट्याची.

मी हसायचा प्रयत्न केला. प्राची रडायला लागली. "आई, तुला दिसत नाही याची मला भीती नाही गं वाटत," ती म्हणाली. "तू दिसल्यासारखं करतेस ना, त्याची वाटते. उद्या बाळ तुझ्याकडे दिलं आणि तू असंच केलंस तर?"

घरी येईपर्यंत रिक्षात मी पिशवीचा बंद पिळत होते. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली राग, आणि त्याच्याही खाली हे की पोर खरं बोलत होती.

गुरुवारी मी सांगितलं तेव्हा मला वाटलं, निदान ही माणसं तरी हळहळतील. कदमसाहेब फिस्सकन हसले. मग खोकला येईपर्यंत हसले. "बाई, आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता. मी आत शिरलो, समोर कुणीतरी धिप्पाड उभं, म्हटलं अध्यक्ष असणार. हात जोडून पाच मिनिटं पाण्याच्या प्रश्नावर बोललो. फ्रिज होता हो, टेबलक्लॉथ टाकलेला!"

"ते काय," इनासमामा म्हणाले. "मी मयताला गेलेलो. बाजूला माणूस उभा, काय बोलत नाय. म्हटलं दुःखात आहे. खांद्यावर हात ठेवून किती वेळ धीर दिला त्याला. खांब होता."

मी हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. रुग्णालयातून आल्यापासून छातीवर धोंडा होता तो कुठे गेला कळलं नाही. एवढ्या माणसांनी इतक्या मायेनं माझ्या दुःखाला हात लावला होता. पण त्याच्यावर असं हसायची हिंमत फक्त ह्यांनाच होती, कारण ते त्यांचंही होतं.

हसणं ओसरल्यावर ताराबायनी माझा गुडघा शोधला आणि दाबला. "आता जा नि लेकीला सांग. सरळ सांग. मना दिसत नाय, पन मना येतं."

हे वाक्य मी रिक्षात पाठ करत गेले. विद्यार्थिनीसारखं. रुग्णालयात प्राचीच्या खाटेपाशी बसले आणि म्हटलं, "प्राची, मला तुझ्या मुलीचं नाक दिसत नाही. तोंडच दिसत नाही. तुझंही दिसत नाही, बरेच दिवस झाले. जे दिसत नाही ते मी आता सांगेन, प्रत्येक वेळी सांगेन. पण तिला न्हाऊ घालायला मला येतं. तू समोर बस. एकदा बघ. तुला पटलं नाही तर तुझी ती बाई बोलाव, मी शब्द काढणार नाही." शेवटी आवाज फुटला. फुटू दिला.

चेहरा दिसत नसला की गप्प बसलेलं माणूस फार लांब जातं. मग माझ्या हातावर तिचा हात आला. "तेल कुठलं आणू?" ती म्हणाली.

रुग्णालयातून प्राची बाळाला घेऊन आमच्याकडेच आली, आणि पहिल्या दिवशी न्हाणीत माझ्यासमोर चौरंगावर बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाळ पायांवर घेतलं. दुधीपेक्षा कितीतरी हलकं! आणि दुधीला धडधड नसते. मग मी ठरल्याप्रमाणे मोठ्याने बोलत गेले. "मान धरली. आता पाणी. कोपराने बघितलंय. आता कपाळावर हात." पोरीने जे काही भोकाड पसरलं! प्राची अर्धी उठली, बसली, पुन्हा उठली. "आई, डावीकडे, कानामागे पीठ राहिलं." "बरं, सांगितलंस ते चांगलं केलंस." कानामागचं पीठ धुतलं. पाणी ओतता ओतता भोकाडाचं हुंदक्यात आणि हुंदक्याचं एका लांब, तृप्त सुस्काऱ्यात रूपांतर झालं. न्हाणीच्या झरोक्यातून आलेलं ऊन माझ्या डोळ्यांच्या कडेला थरथरत होतं, आणि त्या उजेडात मधोमध जे काही धुकं होतं, ते माझ्या हातांत ओलं, उबदार आणि जिवंत होतं.

पुढच्या दिवसांत प्राची समोर बसायची, मग दारात, मग दाराबाहेर. किती दिवस राहणार ते तिने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. विचारायला मला भीती वाटत होती हे खरं. बाहेर शेवटच्या घडाची सुकेळी तयार होत आली होती, आणि मला रोज वाटायचं, आज ही म्हणेल, की झालं आई, आता आम्ही विरारला जातो.

एका दुपारी मी बाळाला पुसून, गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. प्राची आली. रात्रभर जागी होती ती, पावलांत झोप होती. म्हणाली, "आई, मी जरा पडते. तिला राहू दे तुझ्याकडे." आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, हलले नाही. बाळ आल्यापासून पहिल्यांदाच आमच्याकडे कुणी बघत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, इतक्या लहान बाळाला स्पष्ट काही दिसत नसतं. जवळ धरलेल्या चेहऱ्याच्या नुसत्या कडा कळतात, केसांची रेघ, हनुवटीचा काठ. मी मान थोडी वळवली आणि तिला डोळ्याच्या कडेला घेतलं. काळ्या केसांचा एक पुंजका आला, दुपट्याची किनार आली. तीही माझी किनारच बघत असेल. "तुला नाही दिसत ना अजून?" मी तिला विचारलं. "मलाही नाही दिसत. घाबरायचं नाही."

ती काही घाबरली नव्हती. तिने माझ्या मांडीवर गरम गरम धार सोडली. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. लंगोट डाव्या हाताला होते, मीच घडी करून ठेवलेले. ओलं सोडलं, पुसलं, कोरडं बांधलं, गाठ फार घट्ट नाही ना ते बोट घालून बघितलं. दाराआड माझी लेक घोरायला लागली होती.